लकवा हातात नसतो

बकरीदला ज्या घरात भेजा साफ केला जातो, त्या घरातल्या बायकांना मेंदूच्या रचनेची निम्मी ओळख आधीच झालेली असते. भेजा कोमट पाण्यात ठेवायचा, लाल रेषांची जाळी असलेला पातळ पापुद्रा हलक्या हाताने ओढून काढायचा. मधल्या चिरेवर तो दोन भागांत सुटा होतो. मागे एक लहान, बारीक सुरकुत्यांचा गोळा चिकटलेला असतो आणि त्याच्या खालून एक पांढरा दांडा निघतो. बोटाला लागतो तो लोण्याचा मऊपणा. जरा जोर पडला की फुटला. माणसाचा मेंदू याच नकाशावर बांधलेला आहे. बकऱ्याचा भेजा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा भरतो, आपला तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. वरचे दोन मोठे भाग म्हणजे शाळेच्या पुस्तकातला प्रमस्तिष्क, मागचा लहान गोळा अनुमस्तिष्क, आणि तो दांडा म्हणजे श्वास व हृदयाचे ठोके सांभाळणारा मस्तिष्कपुच्छ, जो पुढे पाठीच्या कण्यात मेरुरज्जू होऊन उतरतो. पापुद्र्यावरच्या लाल रेषा म्हणजे रक्तवाहिन्या. त्या रेषा लक्षात ठेवा, पुढे त्यांचेच काम आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण लकवा. शिरूर कासारच्या बाजारपेठेत किंवा सिंदफणेच्या काठच्या कुठल्याही वस्तीवर विचारा, लोक सांगतात : 'दादीचा हात गेला', 'चाचांच्या अंगावरून वारं गेलं', 'नानांची एक बाजू पडली.' बोलण्यातला प्रत्येक शब्द हाताकडे, पायाकडे, तोंडाकडे बोट दाखवतो. म्हणून इलाजही तिथेच सुरू होतो. हाताला तेल चोळतात, पाय शेकतात. कुणीतरी कबुतराचे रक्त लावायला सांगतो, कुणी एखाद्या गावचा जाणकार सुचवतो आणि माणसाला त्या दिशेने नेले जाते. हात मात्र जसाच्या तसा असतो. त्याची हाडे शाबूत, स्नायू शाबूत, रक्त वाहते आहे. त्याला हुकूम देणारी जागा बंद पडलेली असते आणि ती जागा कवटीच्या आत, तीसुद्धा विरुद्ध बाजूला असते. उजवा हात चोळणाऱ्याने डाव्या कानाच्या वर, हाडाच्या आत काय चालले आहे ते पाहायला हवे. तिथे मिनिटामिनिटाला नुकसान होत असते.

आधी शब्दांचा एक गुंता सोडवू, कारण या गुंत्याने पुष्कळ घरांचे नुकसान केले आहे. मराठीत आपण सगळ्यालाच लकवा म्हणतो. युनानी हकीम असे करत नसत. त्यांच्याकडे 'लकवा' फक्त चेहऱ्याचा, अर्धे अंग पडले तर 'फालिज', आणि माणूस एकाएकी बेशुद्ध होऊन कोसळला तर 'सक्ता'. इसवी सन ९२५ मध्ये निधन पावलेल्या अबू बक्र राझी यांनी चेहऱ्याच्या लकव्याचे वर्णन करून ठेवले आहे. आजचे डॉक्टरही हा भेद पाळतात. कानामागून चेहऱ्याकडे येणारी एक नस सुजली तर अर्धा चेहरा वाकडा होतो, त्या बाजूचा डोळा मिटत नाही, कपाळाला आठी पडत नाही. हे मेंदूचे दुखणे नव्हे. योग्य उपचाराने आणि पुष्कळदा आपोआपही काही आठवड्यांत ते बरे होते. आता हिशेब पाहा. एकाचा चेहऱ्याचा लकवा असा बरा झाला, त्या काळात त्याने कबुतराचे रक्त लावले होते. श्रेय कबुतराला गेले. दोन वर्षांनी शेजारच्या दादीला फालिज होतो, घरचे लोक त्यालाही लकवाच म्हणतात आणि तोच उपाय धरतात. नाव एक, दुखणी दोन, आणि दुसऱ्यात वाट पाहायला सवड नाही. अर्थात यातले कोणते आहे हे घरात बसून ठरवायचे नाही. चेहरा वाकडा दिसला की दवाखाना, एवढेच.

उम्म, म्हणजे आई

भेज्यावरून जो पापुद्रा आपण सोलतो, तसे माणसाच्या मेंदूवर तीन असतात. सगळ्यात बाहेरचा कवटीला लागून, जाड, चामड्यासारखा. सगळ्यात आतला इतका पातळ की मेंदूच्या प्रत्येक घडीत उतरतो. जगभरचे डॉक्टर बाहेरच्याला 'ड्यूरा मेटर' आणि आतल्याला 'पाया मेटर' म्हणतात. लॅटिनमध्ये मेटर म्हणजे आई. मेंदूच्या आवरणाला आई का म्हणावे, असा प्रश्न वैद्यकीय विद्यार्थ्यांना पडतो; त्याचे उत्तर अरबी भाषेत आहे. अरब वैद्य या आवरणांना 'उम्म' म्हणत, कारण अरबीत एखादी गोष्ट दुसरीला वेढून, सांभाळून असली तर ती तिची उम्म. एक जाड उम्म, एक नाजूक उम्म. दहाव्या शतकातील अली इब्न अब्बास मजूसी यांचा वैद्यकग्रंथ ११२७ साली अँटिऑकच्या स्टीफनने लॅटिनमध्ये उतरवला, तेव्हा त्याने उम्मचे सरळ 'मेटर' केले. ते आजही चालू आहे. मेंदूचे कोणतेही ऑपरेशन असो, सर्जन आधी ही आई उघडतो.

'तशरीह' या शब्दाचेही असेच. दर्समध्ये एखाद्या मुद्द्याची तशरीह करतात, म्हणजे तो उलगडून सांगतात. वैद्यकात तशरीह म्हणजे शरीररचनाशास्त्र. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराझच्या मन्सूर इब्न इल्यास यांनी फारसीत लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच तशरीह आहे, आणि त्यात मज्जातंतूंचे जाळे दाखवणारे संपूर्ण माणसाचे चित्र आहे. त्याहून तीनेकशे वर्षे जुने एक चित्र इस्तंबूलच्या ग्रंथालयात आहे. इब्न अल्-हैसम यांच्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथाची ती १०८३ ची प्रत. दोन डोळ्यांतून निघालेल्या नसा मध्ये एकमेकींना भेटून मेंदूकडे जातात, असे त्यात रेखाटले आहे. आपल्या मुलांना हे ठाऊक असावे असे आम्हाला वाटते. मात्र एवढ्यावर छाती फुगवून थांबण्यात अर्थ नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांनी पाहून, तपासून लिहिले होते. त्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आजचे तपासलेले ज्ञान तरी बाजूला सारू नये.

डावे उजव्याचे, उजवे डाव्याचे

प्रमस्तिष्काचा पृष्ठभाग सुरकुतलेला दिसतो, कारण तो घड्या घालून बसवला आहे. वरचा राखाडी थर जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. घड्या उलगडून पसरला तर वर्तमानपत्राच्या एका मोठ्या पानाएवढा होईल. विचार, हालचाल, बोलणे, पाहणे, आठवण यांचा बराचसा कारभार या पानावर चालतो, आणि पानावरच्या जागा ठरलेल्या आहेत. कॅनडात माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड या सर्जनने १९३० च्या दशकात जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून या जागा नोंदल्या. जागे कसे, असे वाटेल. मेंदू साऱ्या शरीराचे दुखणे ओळखतो, पण त्याला स्वतःला कापले तर त्याला दुखत नाही. पेनफिल्डच्या नकाशात हाताची बोटे आणि चेहरा यांना जी जागा मिळाली, ती पाठ आणि मांडी यांच्या कितीतरी पट होती. भाकरी थापणारा हात आणि बोलणारे ओठ यांना बारीक हुकूम लागतात, म्हणून जागाही जास्त.

हे हुकूम घेऊन जाणारे बहुतेक तंतू मस्तिष्कपुच्छाशी आल्यावर बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. म्हणून डाव्या मेंदूचे नुकसान झाले की उजवे अंग पडते. आणि डाव्या मेंदूत आणखी एक मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे वाचा. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरकडे एक रुग्ण आला. त्याला सगळे समजत होते, पण वर्षानुवर्षे त्याच्या तोंडून 'टॅन' एवढेच येत होते. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला. डाव्या बाजूला, कपाळाच्या भागात एक जागा खराब झालेली होती. तो मेंदू पॅरिसमध्ये आजही जपून ठेवलेला आहे. उजव्या हाताने कामे करणाऱ्या शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांची वाचा डाव्या मेंदूत असते. त्यामुळे उजवा हात आणि बोलणे पुष्कळदा एकदमच जाते.

इथे एक फसवी गोष्ट घडते, आणि आपल्या घरांत ती जास्त फसवते. बोलणे गेलेल्या माणसाला 'पाणी' हा शब्द काढता येत नाही, नातवाचे नाव घेता येत नाही. पण लहानपणापासून पाठ असलेले कधीकधी अडखळता बाहेर पडते. दहापर्यंत अंक, आठवड्याचे वार, बिस्मिल्लाह, एखादी सूरह. पाठांतर आणि मनातले नवे वाक्य जुळवणे ही मेंदूची वेगवेगळी कामे आहेत. घरचे ऐकतात आणि निःश्वास सोडतात, 'अल्हम्दुलिल्लाह, जबान शाबूत आहे, सकाळी बघू.' जबान शाबूत नसते. त्या माणसाला साधा प्रश्न विचारा : आज जेवण काय केले होते? उत्तर येते की नाही ते पाहा.

उजव्या मेंदूचे नुकसान आणखी चमत्कारिक. डावे अंग पडलेले असते, पण कित्येकदा रुग्णाला ते पटतच नाही. डावी बाजू नावाची वस्तू त्याच्या लेखी उरत नाही. ताटातल्या उजवीकडची भाकरी तो खातो, डावीकडचे कालवण तसेच राहते. विचारले तर म्हणतो, 'मला काही झालं नाही, उगीच दवाखान्यात खर्च करू नका.' आपल्याकडे घरातल्या मोठ्यांचा शब्द मोडत नाहीत. या एका प्रसंगी मोडावा.

मागच्या लहान गोळ्याला, अनुमस्तिष्काला, लोक विसरतात. तो तोल सांभाळतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर हातपाय पडत नाहीत, पण माणसाला एकदम गरगरते, उलट्या होतात, चालताना एका बाजूला झुकतो. याला पित्त समजून लिंबूपाणी देत बसणे ही नेहमीची गोष्ट आहे.

पऱ्हाटीच्या आकाराची पेशी

आता सूक्ष्मदर्शकाखाली. दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत मेंदू कशाचा बनला आहे हे कुणी नीट पाहिलेले नव्हते, कारण त्यातली गर्दी इतकी दाट की काहीच सुटे दिसत नसे. इटलीत कामिल्लो गॉल्जी हा तरुण डॉक्टर मिलानजवळच्या एका लहान इस्पितळात नोकरीला होता. तिथल्या स्वयंपाकघरात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली, आणि १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मेंदूचा तुकडा रंगवण्याची रीत शोधली. तिची खुबी अशी की शंभरातल्या दोन-चारच पेशी काळ्या होतात, बाकीच्या दिसतच नाहीत. ज्या रंगतात त्या मात्र टोकापर्यंत दिसतात. १८८७ मध्ये सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश डॉक्टरने ही रीत पाहिली आणि तो रात्रंदिवस चित्रे काढत सुटला. गॉल्जीचे म्हणणे होते की मेंदू म्हणजे सलग विणलेले जाळे. काहालने त्याच्याच रंगाने दाखवले की प्रत्येक पेशी सुटी आहे, ती दुसरीला चिकटत नाही. १९०६ चे नोबेल दोघांना मिळून दिले गेले आणि गॉल्जीने नोबेलच्या भाषणातही काहालचे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. पुढे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशीपेशींमधली फट दाखवली. काहालचे बरोबर होते.

ही पेशी, म्हणजे चेतापेशी, कशी दिसते? कापूस वेचून झाल्यावर वाळलेली पऱ्हाटी मुळासकट उपटून हातात धरा. वरच्या फांद्या म्हणजे वृक्षिका. इतर पेशींचे निरोप त्या घेतात. फांद्या जिथे खोडाला मिळतात तिथे पेशीचे अंग, त्यात केंद्रक. खाली गेलेला लांब सोट म्हणजे अक्षतंतू. निरोप याच्यातून पुढे जातो. आणि टोकाची मुळे पुढच्या पेशीपाशी पोहोचतात. फक्त प्रमाण वेगळे. मेंदूतून मेरुरज्जूत उतरणाऱ्या पेशीचे अंग हरभऱ्याएवढे मानले, तर तिचा सोट शंभर मीटरच्या पुढे जाईल. पुष्कळ अक्षतंतूंवर चरबीचे वेष्टन असते. त्यामुळे निरोप सेकंदाला शंभर मीटरपर्यंतच्या वेगाने धावतो, आणि याच चरबीमुळे भेज्याचा आतला भाग पांढरा दिसतो. दोन पेशींमधली फट केसाच्या जाडीच्या दोन-तीन हजाराव्या भागाएवढी. टोकाशी विजेचा निरोप पोहोचला की रसायनाचे थेंब सुटतात, फट ओलांडतात आणि पलीकडे पुन्हा वीज चमकते. मेंदूपासून हाताच्या बोटापर्यंतच्या सगळ्यात थेट वाटेवर अशा मोजून दोन पेशी असतात. पहिली मेंदूतून मेरुरज्जूपर्यंत, दुसरी तिथून स्नायूपर्यंत. फालिजमध्ये पहिली जाते.

अशा पेशी आहेत तरी किती? १०,००० कोटी असे सगळे एकमेकांचे ऐकून लिहीत असत. ब्राझीलमध्ये सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे अक्षरशः सूप करून पेशींची केंद्रके मोजली. २००९ मध्ये आकडा आला सुमारे ८,६०० कोटी. त्यातल्या ६,९०० कोटी त्या मागच्या लहान गोळ्यात, आणि ज्याचा एवढा गाजावाजा त्या वरच्या राखाडी थरात १,६०० कोटीच. भेज्याचा मागचा गोळा कमी मोलाचा समजू नये, हे आमचे त्यावरचे म्हणणे.

टेलचे पाणी

तेराशे ग्रॅमचा हा अवयव शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन, पण ऊर्जेचा शेकडा वीस वाटा त्याचा. मिनिटाला पाऊण लिटर रक्त त्याला लागते. गळ्यातून पुढे दोन आणि मागे मानेच्या मणक्यांतून दोन अशा चार रक्तवाहिन्या वर जातात आणि मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडून कडे करतात. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ च्या पुस्तकात त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात. एक वाट तुंबली तर कड्यातून दुसरीकडचे रक्त येऊ शकते. कड्याच्या पुढे मात्र प्रत्येक वाहिनी आपापल्या शिवारात जाते, आणि टेलच्या शेतकऱ्याला जे भोगावे लागते तेच तिथल्या पेशींना. वर पाट फुटला किंवा तुंबला की खाली कोरडे.

आपल्याकडची रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर महिनोन्महिने तगते. मेंदूच्या पेशीजवळ ओल नसते. साखर आणि प्राणवायू यांचा साठा ती जवळजवळ ठेवतच नाही. सतत निरोपांसाठी सज्ज राहायचे म्हणून ती आपल्या भिंतीतून क्षार आत-बाहेर उपसत असते, जणू मोटर अहोरात्र चालू. रक्त थांबले की मोटर बंद. काही सेकंदांत पेशी गप्प होते आणि पुरवठा पूर्ण तुटला तर काही मिनिटांत मरते. मेलेली पेशी पुन्हा फुटत नाही. कातडी भरून येते तसा मेंदू भरून येत नाही.

मग दवाखान्यात जाऊन उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो याच रचनेत आहे. तुंबलेल्या पाटाच्या अगदी मधले शिवार लगेच वाळते. त्याच्या कडेच्या पट्ट्याला शेजारच्या पाटाचा पाझर मिळत राहतो. तिथल्या पेशी काम करत नाहीत, पण जिवंत असतात. हात हलत नाही म्हणून घरच्यांना वाटते सगळे संपले. प्रत्यक्षात त्या हाताच्या पुष्कळ पेशी अजून श्वास धरून असतात. सगळी लढाई या कडेच्या पट्ट्यासाठी. अमेरिकेतील जेफ्री सेव्हर या डॉक्टरने २००६ मध्ये हिशेब मांडला : मोठी रक्तवाहिनी तुंबलेली असताना सरासरीने मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात. चहा करून पिण्याच्या वेळात किती, ते ज्याने त्याने मोजावे.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन १९९५ पासून वैद्यकशास्त्राच्या हाती आहे. ते लागू होण्याची मुदत आधी तीन तास होती, पुढच्या अभ्यासांनी ती साडेचार तासांपर्यंत गेली. मोठ्या शहरांत नळी घालून गुठळी ओढून काढण्याचीही सोय आहे, आणि निवडक रुग्णांत ती नंतरही करतात. पण आधी सीटी स्कॅन लागतोच. कारण फालिज दोन प्रकारे होतो : बहुतेक वेळा वाहिनी तुंबून, काही वेळा वाहिनी फुटून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि एकाचे औषध दुसऱ्याला जीवघेणे ठरते. म्हणून घरात अ‍ॅस्पिरिनची गोळी द्यायची नाही. जिभेखाली ब्लडप्रेशरची गोळी ठेवून प्रेशर झटकन उतरवायचे नाही. कडेच्या पट्ट्याचा पाझर त्या दाबावरच चाललेला असतो. तोंडात पाणीही घालायचे नाही, झमझमसुद्धा नाही. गिळण्याचे स्नायू ढिले पडले असतील तर ते फुप्फुसात जाते. एका कुशीवर झोपवायचे आणि निघायचे. दुआ वाटेत करता येते.

दिवाळीनंतरची वस्ती

शिरूर कासार तालुक्यात या साडेचार तासांना एक वेगळी अडचण आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात. नवराबायको ट्रकात, ट्रॅक्टरमध्ये संसार टाकून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळा लागला की परततात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. थंडीचे दिवस, प्रेशरची गोळी संपलेली, आणि घरात सगळ्यात मोठा शहाणा माणूस बारा वर्षांचा. दादीचे तोंड वाकडे झालेले पहिल्यांदा त्याला दिसणार आहे. तो घाबरून बापाला फडावर फोन लावतो, बाप दुसऱ्या कुणाला, आणि तासभर जातो.

म्हणून ही माहिती त्या बारा वर्षांच्या मुलाला द्यावी. दादीला हसायला सांग. ओठ एका बाजूला ओघळला? दोन्ही हात दुआला उचलतात तसे उचलायला सांग. एक खाली येतो? एक साधे वाक्य बोलायला सांग. जीभ जड, शब्द चुकीचे? यातले एकही दिसले तर १०८ ला फोन. ती गाडी फुकट आहे. मग शेजाऱ्याला हाक, त्यानंतर बापाला फोन. शिरूरहून बीड पूर्वेला, पाथर्डी आणि नगर पश्चिमेला. गाडी वेळेवर मिळाली तर बीड तासाभराच्या पल्ल्यात आहे. निघतानाच फोनवर विचारायचे की सीटी स्कॅनचे मशीन चालू आहे का आणि इंजेक्शनची सोय कुठे आहे. दारोदार फिरण्यात जी वेळ जाते ती प्रवासाहून जास्त असते.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, 'शेवटचे ठीक कधी होते?' घड्याळ तिथून मोजतात. आपण पाहिले तेव्हापासून नाही. रात्री झोपेत झटका आला आणि सकाळी कळले, तर रात्री झोपतानाची वेळ धरतात. या प्रश्नाला लोक गोंधळतात. आपल्या घरांत याचे उत्तर सोपे असायला हवे. असरला वुजू केला तेव्हा हात ठीक होता, मगरिबला उचलेना. इशा पढून झोपले, फजरला उठवले तर बोलेनात. डॉक्टरला वेळ हवी असते, आणि दिवसातून पाच वेळा तिची नोंद आपल्या अंगणात होत असते. फजरच्या अजानला उशीर झाला म्हणून दादांना झोपू देऊ, असे म्हणताना रोज वेळेवर उठणारा माणूस आज का उठला नाही, हेही पाहावे.

हे होऊ नये म्हणून काय, तर प्रेशर मोजत राहणे. मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या वाहिन्या मोठ्या वाहिनीतून थेट काटकोनात फुटतात, त्यामुळे वर्षानुवर्षे चढलेला दाब त्यांना सोसत नाही. आणि नेमक्या त्याच जागी अर्ध्या अंगाचे सगळे तंतू एका अरुंद वाटेने खाली उतरतात, अख्ख्या गावचे पाणी एका मोरीतून जावे तसे. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढी इजा झाली तरी चेहरा, हात, पाय एकदम जातात. प्रेशर दुखत नाही, म्हणून गोळी बंद करण्याचा मोह होतो. रमजानमध्ये तर सर्रास. रोजे धरायचे असतील तर महिना लागण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळी सहरी किंवा इफ्तारला बसवून घ्यावी, ते होते. मिश्री आणि तंबाखूही सुटली पाहिजे. आमच्या बहिणींना मिश्रीबद्दल सांगणे अवघड जाते, तरी सांगतो.

आणि ज्यांच्या घरात फालिज होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी थोडे. मेलेल्या पेशी येत नाहीत, पण शेजारच्या पेशी नवे जोड बांधून काही कामे शिकून घेतात. पहिल्या तीन महिन्यांत हे सगळ्यात वेगाने होते, नंतर सावकाश होत राहते. त्यासाठी तोच हात तेच काम पुन्हा पुन्हा करायला लागतो : वाटी उचलणे, बटण लावणे, तस्बीहचे मणी सरकवणे. फिजिओथेरपिस्टने दाखवलेला व्यायाम हा खरा इलाज; संवेदना गेलेल्या पायाला गरम वीट लावली तर भाजल्याचे रुग्णाला कळतही नाही. वाचा गेलेल्या माणसाशी मोठ्याने ओरडून बोलू नका, तो बहिरा नाही, आणि बहुधा त्याला सगळे समजते आहे. लहान वाक्ये बोला, उत्तराला वेळ द्या, हो-नाहीने भागेल असे विचारा. त्याच्या जागी तुम्ही वाक्य पुरे करू नका. पाठ असलेले म्हणता येत असेल तर त्याच्याबरोबर म्हणा. वाचा-उपचार करणारे लय आणि सूर लावून शब्द बाहेर काढण्याचा प्रयत्न करतात, काही रुग्णांना त्याचा फायदा होतो. दादीला सूरह येत असेल आणि 'पाणी' येत नसेल, तर रोज सूरह संपल्यावर पेला पुढे धरून 'पाणी' हा शब्द त्याच संथ लयीत तिच्याबरोबर म्हणा.